‘रोज दोन तास, महिन्याला ३० हजार’ : एका फिरत्या संदेशाचा हिशेब

मुंबईत राहण्याचा खर्च आणि मध्यमवर्गीय पगार यांचा मेळ बसेनासा झाल्यापासून एक संदेश, शब्दांच्या थोड्याफार फरकाने, सतत पुढे पाठवला जात आहे. त्याचा आशय असा : एका पगारात भागत नाही हे रडगाणे थांबवा. प्रत्येकाकडे रोज दोन तास मोकळे असतातच. त्या वेळात घरचे डबे द्या, दुचाकीवरून खाद्यपदार्थ पोचवा, घरातली एक खोली भाड्याने द्या, सकाळी अर्धा तास ऑप्शन्सचे (शेअरच्या पुढच्या भावावर बेतलेल्या करारांचे) व्यवहार करा किंवा नुसते मोबाइलवर व्हिडिओ ‘लाइक’ करा. महिन्याला किमान ३० हजार रुपये जास्तीचे मिळतात. त्यासाठी भांडवल, शिक्षण, परवाना यांपैकी काहीही लागत नाही, कर भरावा लागत नाही आणि नोकरीच्या ठिकाणी कुणाला कळतही नाही. शेवटी पुरावा म्हणून लिज्जत पापडाची आठवण करून दिलेली असते : सात बायकांनी ८० रुपयांत सुरुवात केली, मग तुम्हाला काय अडचण आहे?

एका पगारात भागत नाही हे खरे आहे, आणि जोडधंदा करण्यात कमीपणा तर मुळीच नाही. आक्षेप आहे तो हिशेबाच्या पद्धतीला. या संदेशात विक्रीतून आलेली सगळी रक्कम मिळकत म्हणून मोजलेली आहे आणि ती मिळवताना गेलेल्या वेळेची किंमत शून्य धरलेली आहे. या दोन गोष्टी दुरुस्त केल्या की एकेका दाव्याचे काय उरते, ते पाहता येईल.

‘प्रत्येकाकडे रोज दोन तास मोकळे असतात’ या दाव्यापासून सुरुवात करू. विरार, बदलापूर किंवा पनवेलहून दक्षिण मुंबईत कामाला येणाऱ्याचे घरापासून कार्यालयापर्यंत जाऊन-येऊन तीन तास सहज जातात. नऊ तासांची नोकरी आणि हा प्रवास वजा केल्यावर जे उरते त्यात झोप, स्वयंपाक, पाणी भरणे, मुलांचा अभ्यास आणि म्हाताऱ्या आईवडिलांचे औषधपाणी बसवायचे असते. संदेशातला मोकळा वेळ बहुधा घरातल्या बाईच्या खात्यातून काढलेला असतो, कारण तिच्या वेळेचा हिशेब ठेवण्याची आपल्याकडे पद्धत नाही. डब्यांचा सल्ला नवऱ्याच्या मोबाइलवर येतो आणि पोळ्या मात्र तिने लाटायच्या असतात, हे संदेश पाठवणाऱ्यांच्या लक्षात येत नसावे.

डब्यांचा दावा सविस्तर तपासण्यासारखा आहे, कारण सगळ्या यादीत तोच सर्वांत सभ्य आणि सर्वांत पटण्याजोगा वाटतो. समजा, एका घरातून रोज २० डबे जातात, एका डब्याचे १०० रुपये मिळतात आणि महिन्यातून २६ दिवस काम चालते. महिन्याची विक्री ५२ हजार रुपये झाली. संदेश इथेच थांबतो. आता ५२० डब्यांचा खर्च मांडू. पीठ, तांदूळ, डाळ, भाजी, तेल, मसाले यांचे डब्यामागे ४८ रुपये, गॅसचे ४, बांधणीचे ६ आणि पोचवणाऱ्याचे १५ धरले, तर डब्यामागे ७३ रुपये, म्हणजे महिन्याला ३७,९६० रुपये खर्च होतो. हातात १४,०४० रुपये राहतात. हे आकडे अंदाजाचे आहेत. डोंबिवलीत भाजी स्वस्त मिळेल, दादरला डब्याला भाव जास्त येईल, आणि ज्याने त्याने आपले आकडे घालून हाच हिशेब करावा. मात्र २० डबे म्हणजे डब्यात चार धरल्या तर रोज ८० पोळ्या, आणि भाजी निवडणे-चिरणे, कणीक मळणे, दोन शेगड्यांवर सगळे उरकणे, डबे भरणे, भांडी घासणे व दुसऱ्या दिवसाची खरेदी हे सारे मिळून दिवसाचे पाच तास तरी जातात. महिन्याचे १३० तास झाले. तासाला १०८ रुपये पडले, तेही कुणाचे पैसे बुडाले नाहीत, एकही दिवस आजारपणात गेला नाही आणि मदतीला कुणी ठेवले नाही असे धरून. विक्री एखाद्या खाद्यपोच ॲपवरून करायची ठरवली तर त्यांचे कमिशन आणखी वेगळे कापले जाते.

‘परवाना लागत नाही’ हेही चुकीचे आहे. घरून अन्न शिजवून विकणाऱ्या लहान व्यावसायिकालाही अन्नसुरक्षा कायदा, २००६ नुसार नोंदणी करावी लागते. वर्षाचे शुल्क १०० रुपये इतके नाममात्र राहिलेले आहे. त्यामुळे ती टाळण्यात शहाणपणा नाही, आणि नोंदणी क्रमांकाशिवाय मोठी ॲप आपल्याकडे घेतही नाहीत. गॅसची गोष्ट याहून अडचणीची आहे. घरगुती वापराचा १४.२ किलोचा सिलिंडर धंद्यासाठी वापरण्यास मनाई आहे. व्यावसायिक सिलिंडर १९ किलोचा असतो, त्याला सवलतीचा दर नसतो आणि त्यावरील वस्तू व सेवा करही घरगुती सिलिंडरच्या ५ टक्क्यांऐवजी १८ टक्के असतो. वर गॅसचे डब्यामागे धरलेले चार रुपये म्हणूनच उदारपणे कमी धरलेले आहेत.

आता लिज्जत. १९५९ साली गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड करायला सुरुवात केली, हे खरे आहे. पण त्या उद्योगाची रचना या संदेशाच्या नेमकी उलट आहे. तिथे पीठ केंद्रावर मळले जाते, सभासद स्त्रिया, म्हणजे तिथल्या ‘बहिणी’, ते घरी नेऊन पापड लाटतात, तयार पापड केंद्रावर परत देतात आणि लाटलेल्या मालाच्या वजनाप्रमाणे त्यांना मोबदला मिळतो. उडीद कुठून घ्यायचा, माल कुठल्या बाजारात पाठवायचा, दुकानदाराकडची उधारी कशी वसूल करायची, हे लाटणाऱ्या एकटीच्या माथ्यावर नसते. गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांचा अनुभवही हेच सांगतो. कामगारांना महिनेवारी जेवण घालणाऱ्या या बायका वाण्याच्या आणि सावकाराच्या उधारीत अडकलेल्या होत्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा त्यांच्या कष्टातला काही वाटा त्यांच्याकडे राहू लागला. कष्ट त्या आधीही करत होत्याच. खरेदी, कर्ज आणि विक्री यांची सामाईक व्यवस्था झाल्यावर फरक पडला. संदेशात सात बायका आणि ८० रुपये आहेत, ती व्यवस्था मात्र गाळलेली आहे.

दुचाकीवरून खाद्यपदार्थ पोचवण्याचा दावा याच मोजपट्टीने लवकर निकालात निघतो. नोकरीनंतर चार तासांत दहा ऑर्डर मिळाल्या, प्रत्येकीचे ४० रुपये धरले, तर ४०० रुपये झाले. परतीची धाव धरून ६० किलोमीटर गाडी चालली, ती लिटरला ४५ किलोमीटर जात असेल आणि पेट्रोल शंभरीच्या पुढे असेल, तर १४० रुपये पेट्रोलचे गेले. उरलेल्या २६० रुपयांतून टायर, ऑइल, सर्व्हिसिंग आणि गाडीची घसारा-झीज निघायची आहे. म्हणजे तासाला ६५ रुपयेही खरे नव्हेत. पावसाळ्यात दर वाढतात हे खरे, पण खड्डेही त्याच महिन्यांत वाढतात. विम्याकडे तर कुणी पाहतच नाही. खासगी वापरासाठी काढलेल्या पॉलिसीत भाड्याने किंवा मोबदल्यासाठी केलेला वापर वगळलेला असतो, आणि अपघातानंतर विमा कंपनी नेमके तेच कलम दाखवते.

याच संदेशाच्या काही आवृत्त्यांत दुचाकीवरून माणसे नेण्याचाही सल्ला असतो. महाराष्ट्रात जानेवारी २०२३ मध्ये राज्य सरकारने पांढऱ्या पाटीच्या खासगी वाहनांतून ॲपद्वारे अशी वाहतूक करण्यास मनाई केली आणि पुढे २०२५ मध्ये बाइक टॅक्सीला जी परवानगी दिली ती फक्त विजेवर चालणाऱ्या, परवाना घेतलेल्या वाहनांसाठी आहे. घरच्या पेट्रोल गाडीवर रात्री दोन प्रवासी नेणारा माणूस दंड आणि जप्ती यांच्या सावलीत तासाला साठ-सत्तर रुपये मिळवत असतो.

खोली भाड्याने देण्याच्या सल्ल्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. ज्यांना जोड उत्पन्नाची सर्वाधिक गरज आहे ती कुटुंबे एका खोली-स्वयंपाकघरात राहतात, आणि जे स्वतःच भाड्याने राहतात त्यांना मालकाच्या संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवता येत नाही. ज्यांच्याकडे खरोखर जास्तीची खोली आहे त्यांनीही करार लेखी करून नोंदवणे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकावर आहे.

ऑप्शन्सच्या दाव्याला उत्तर देण्यासाठी कुणाच्या मताची गरज नाही, शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीचे आकडे पुरेसे आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर वायदे-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. त्यांचा सरासरी तोटा सुमारे दोन लाख रुपये होता आणि खर्च वजा जाता एक लाखाहून अधिक नफा झालेल्यांचे प्रमाण जेमतेम एक टक्का होते. जुलै २०२५ च्या अभ्यासात २०२४-२५ साठी तोट्यातल्यांचे प्रमाण ९१ टक्क्यांच्या आसपास निघाले. यातला सर्वांत अस्वस्थ करणारा तपशील उत्पन्नाचा आहे : २०२३-२४ मध्ये व्यवहार करणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांचे जाहीर उत्पन्न वर्षाला पाच लाखांपेक्षा कमी होते. म्हणजे हा संदेश ज्यांच्यापर्यंत पोचतो, तेच हे लोक. ‘सकाळी अर्धा तास’ देऊन ते जोड उत्पन्न मिळवत नसून पगारातला काही भाग बाजारात सोडून येत आहेत.

व्हिडिओ ‘लाइक’ करण्याचे काम मुळात काम नव्हेच. सुरुवातीला दीडशे-दोनशे रुपये खात्यात जमा करून विश्वास बसवायचा, मग ‘प्रीपेड टास्क’च्या नावाखाली हजारो रुपये भरायला लावायचे, आणि ते सोडवायला आणखी भरायला सांगायचे, ही त्याची ठरलेली चाल आहे. त्याचा धाकटा भाऊ म्हणजे कमिशनवर बँक खाते वापरू देणे. त्यात पैसे जात नाहीत, पण फसवणुकीची रक्कम आपल्या खात्यातून फिरल्यामुळे पोलीस आपल्याच दारात येतात. फसलेल्याने लाजून वेळ न घालवता १९३० या सायबर मदतवाहिनीच्या क्रमांकावर तक्रार करावी, कारण रक्कम गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वांत जास्त असते.

कराबाबतचा दावा अर्धवट खरा आहे, म्हणून अधिक फसवा आहे. नव्या करपद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. त्यामुळे पगार आणि जोडधंदा मिळून त्याखाली राहणाऱ्यांना बहुधा काही भरावे लागत नाही. पण उत्पन्न दाखवावे लागतेच, आणि साध्या पगारदाराचे विवरणपत्र अशा वेळी चालत नाही. गृहकर्जाच्या व्याजाची वजावट मिळावी म्हणून जुन्या करपद्धतीत राहणाऱ्यांनी आणखी एक बारकावा लक्षात ठेवावा. पगारदाराला जुनी आणि नवी करपद्धत यांतून दरवर्षी निवड करता येते. व्यवसायाचे उत्पन्न दाखवले की मात्र जुन्या पद्धतीतून एकदा नव्यात परतल्यावर, तो व्यवसाय सुरू असेपर्यंत, पुन्हा जुन्या पद्धतीकडे जाता येत नाही. महिन्याच्या चार-पाच हजारांसाठी हे बंधन पत्करायचे का, हा प्रश्न आधी सोडवलेला बरा.

‘नोकरीत कळत नाही’ हे तर कुणी कोणत्या आधारावर लिहिले असेल, याचे नवल वाटते. दुसऱ्या नोकरीतही भविष्यनिर्वाह निधी कापला गेला की तो त्याच खातेक्रमांकाला जोडला जातो. विप्रोने २०२२ मध्ये प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठीही काम करणाऱ्या ३०० जणांना काढून टाकल्याचे कंपनीच्या अध्यक्षांनी जाहीरपणे सांगितले होते. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना १९७९ चे वर्तणूक नियम लागू आहेत, आणि शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शाळेतील शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. नेमणूकपत्रातले संबंधित कलम वाचणे आणि शक्य असेल तिथे लेखी परवानगी मागणे, एवढे तरी आधी करावे.

राहिला ‘शिक्षण लागत नाही’ हा दावा. यादीतल्या ज्या कामांना काही येण्याची गरज नाही, त्यांतच तासाचा भाव सर्वांत कमी पडतो, कारण तिथे उद्या आपल्या जागी दुसरा कुणीही उभा राहू शकतो. मुंबईत जोड उत्पन्नाचे जे मार्ग खरोखर टिकले ते वेगळे आहेत. गृहनिर्माण संस्थांचे हिशेब लिहिणे हे त्यांपैकी एक. प्रत्येक संस्थेला दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्यावे लागते आणि सप्टेंबरअखेर सर्वसाधारण सभेपुढे हिशेब ठेवावे लागतात, पण लहान इमारतीला पूर्णवेळ हिशेबनीस परवडत नाही. म्हणून देखभालीची बिले काढणारा, पावत्या नोंदवणारा, बँकेच्या उताऱ्याशी ताळा जुळवणारा आणि थकबाकीवरचे व्याज चोख लावणारा माणूस पाच-सहा संस्था एकाच वेळी सांभाळतो. काम बरेचसे शनिवार-रविवारी होते, पेट्रोल लागत नाही, गॅस लागत नाही, आणि समिती बदलली तरी हिशेबनीस सहसा बदलत नाही. फक्त पहिली संस्था मिळण्याआधी लेखा शिकावा लागतो आणि वर्ष-दोन वर्षे कुणाच्या तरी हाताखाली अल्प मोबदल्यावर काम करावे लागते.