९६ टीपीआय म्हणजे एचडी नव्हे (आणि हो, त्यात माझीही चूक आहे)

नमस्कार सर, कॉमेंट तीनदा वाचली. थोडी लागली पण ठीक आहे, लिहिलंय ते मुद्द्याचं आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की "एचडी (हाय डेन्सिटी) फ्लॉपी वापरू नका" असं लिहून मी कमोडोर ६४ (ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर) वाल्यांना उगाच घाबरवतोय, त्याच्या १५४१ या सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्हमध्ये तुमच्याकडे एचडी फ्लॉपी तीन वर्षं मस्त चालतायत, आणि कव्हरवर स्पष्ट "९६ टीपीआय" छापलंय म्हणजे त्या एचडीच.

इथेच घोळ आहे, आणि तो निम्मा मीच घातलाय. "९६ टीपीआय दिसलं की लांब राहा" असं मी लिहिलं होतं, ते चुकीचं आहे, आजच दुरुस्त करतो. टीपीआय (ट्रॅक्स पर इंच) म्हणजे एका इंचात किती ट्रॅक, म्हणजे डेटाच्या गोल रांगा, बसतील त्याची कंपनीने दिलेली हमी, बस. सव्वापाच इंचीमध्ये साधी डीडी (डबल डेन्सिटी) ४८ टीपीआयची, एचडी ९६ ची, पण मधे एक क्वाड डेन्सिटी नावाचा प्रकार होता, तोही ९६ टीपीआय, मात्र त्याचं चुंबकीय कोटिंग डीडीसारखंच. मॅक्सेलचं बघा, एमडी२-डी म्हणजे साधी डीडी, एमडी२-डीडी म्हणजे क्वाड आणि एमडी२-एचडी म्हणजे खरी एचडी. नावं ठेवणाऱ्याला साष्टांग नमस्कार! तुमच्या डिस्कवर "एचडी" किंवा "१.२ एमबी" असं कुठेच नसेल तर तुमच्याकडे क्वाड असण्याचीच शक्यता जास्त, आणि ती १५४१ मध्ये बिनधास्त चालते. ३५ ट्रॅकवाल्या ड्राइव्हला ८० ट्रॅकची हमी असलेली डिस्क दिली तर बिघडतंय काय.

पण म्हणून "एचडी चालते" हे मात्र मी मान्य करणार नाही. डीडीच्या कोटिंगला चुंबकित करायला साधारण ३०० ओर्स्टेड (चुंबकीय जोराचं माप) लागतात आणि सव्वापाच इंची एचडीला ६००, म्हणजे थेट दुप्पट, आणि १५४१ चा हेड (डिस्कवर लिहिणारा-वाचणारा भाग) लिहिताना जेवढा करंट देतो तो डीडीच्या हिशोबाने ठेवलेला, त्यामुळे एचडीवर एकतर फॉरमॅटच होत नाही किंवा होतं पण लिहिलेलं इतकं पुसट की आज वाचलं जातं आणि महिन्याने ड्राइव्ह खडखड खडखड करत हेड आपटतो, लाल दिवा लुकलुकतो आणि एरर चॅनल (ड्राइव्ह काय बिघडलं ते सांगतो तो) वाचला तर २३ रीड एरर. माझ्यासोबत हेच झालंय. ऑनलाइन एकाकडून "डीडी" म्हणून दहाचा बॉक्स घेतला, आत निघाल्या एचडी, आणि मी शहाण्यासारखा माझे सगळे जुने बेसिक प्रोग्रॅम त्यावर कॉपी करून मोकळा झालो. दहातल्या दोन डिस्क पूर्ण वाचता आल्या.

तुम्ही लिहिलंय की डिरेक्टरी लगेच येते, छोटा प्रोग्रॅम सेव्ह करून लोड केला, चालला. सर, ही टेस्टच नाहीये. डिरेक्टरी असते ट्रॅक १८ वर, आणि ड्राइव्ह नवीन फाइल आधी त्याच्याच शेजारच्या ट्रॅकवर टाकतो, म्हणजे तुम्ही फक्त मधली गल्ली बघून आलात. फॉरमॅट केल्यावर ६६४ ब्लॉक्स फ्री दिसतात ना, ते शून्यापर्यंत भरा, डिस्क दोन-तीन आठवडे कपाटात ठेवा आणि मग सगळ्या फाइल्स वाचून बघा.

साडेतीन इंचीबद्दल तुम्ही बरोबर आहात. अमिगाला (कमोडोरचाच नंतरचा कॉम्प्युटर) एचडी बऱ्याचदा चालते, कारण तिथे फरक कमी आहे, डीडी ६०० ओर्स्टेडच्या आसपास आणि एचडी ७०० च्या थोडं वर. अमिगा ५०० चा ड्राइव्ह ते कोपऱ्यातलं एचडीचं भोक बघतच नाही, त्या भोकावर चिकटपट्टी लावायची ती पीसीच्या ड्राइव्हसाठी. तरी जपून ठेवायचा डेटा मी डीडीवरच ठेवीन.

"१५४१ ला एकच हेड असताना डबल साइडेड (दोन्ही बाजूंची) डिस्क का घ्यायची" हे विचारलंत, तर नका घेऊ, सिंगलही चालते. हेड खालून वाचतो, वरून नुसता फेल्टचा पॅड दाबतो.

आणि कोटिंगबिटिंग राहू दे, आपल्याकडे खरा शत्रू पावसाळा! माझ्या डोंबिवलीच्या घरात दोन पावसाळे गेलेल्या डिस्कवर कव्हरच्या खिडकीतून पांढरट ठिपके दिसतात, ती बुरशी. तशी डिस्क घातलीत तर हेडला लागते आणि नंतरच्या चांगल्या डिस्कचीही वाट लावते. मग उघडा ड्राइव्ह आणि बसा कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून घासत.

आता एक काम करा. तुमची डिस्क उजेडात धरा. मधल्या भोकाला जाडसर रिंग आहे का, आणि आतला रंग चॉकलेटी आहे की जवळजवळ काळा? रिंग आणि चॉकलेटी असेल तर बहुतेक डीडी किंवा क्वाड, बिनरिंगची काळी असेल तर एचडीचा संशय घ्या. लेबलवर जे काही छापलंय ते अक्षर न् अक्षर इथेच टाइप करा, बघून सांगतो.