पुराची ओल भाडेकरूच्या माथी का?
घर सोडताना रंगकामाचा खर्च अनामत रकमेतून कापण्याचा घरमालकाला सरसकट हक्क आहे, हे भाड्याच्या घरांविषयीच्या एका लेखातील विधान मला मान्य नाही. सांगलीच्या गावभागातील आमच्या भाड्याच्या घरात ऑगस्ट २०१९ च्या महापुराची ओल आम्ही राहायला जाण्याआधीपासूनच भिंतीत कमरेइतकी मुरलेली होती. तरीही 'भिंती खराब केल्या' म्हणून ३०,००० रुपयांच्या अनामत रकमेतून १२,००० कापले गेले आणि रंगाऱ्याची पावती वारंवार मागूनही मिळाली नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची असते आणि तसा करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. आमचा करार नोंदवलेलाच नव्हता, म्हणून मी लेखी मागणी रजिस्टर पोस्टाने पाठवली आहे.