वेळापत्रक रद्द

माझ्या वेळापत्रकावर लाल अक्षरांत ‘रद्द’ लिहिलं गेलं, त्याला आज तिसरा दिवस. लॅमिनेट केलेल्या कागदावर साधं पेन उठत नाही, म्हणून त्या गृहस्थांनी टपरीवाल्याच्या पोराला शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडं मार्कर आणायला पाठवलं. म्हणजे रागाच्या भरात झालं म्हणावं, तर तसंही नाही. मार्कर येईपर्यंत ते शांतपणे चहा पीत थांबले होते.

मुलगा सिॲटलला असतो. जूनमध्ये तो आम्हा दोघांना जहाजातून अलास्का दाखवणार आहे. एप्रिलमध्ये त्याचा फोन आला, “बाबा, स्कॅगवे नावाच्या बंदरात जहाज दिवसभर थांबतं. तिथून डोंगरात कसं जायचं ते तुम्ही ठरवा.” सोलापुरात तेव्हा पारा बेचाळीसवर. पंखा गरम हवा फिरवतोय, नळाला पाणी यायला अजून दोन दिवस, आणि मी बनियनवर बसून हिमनद्यांचे फोटो बघतोय. जुनो या दुसऱ्या बंदराजवळ मेंडेनहॉल नावाची हिमनदी आहे, एकवीसेक किलोमीटर लांब. बायकोला म्हटलं, “बघ, केवढं पाणी नुसतं गोठून पडलंय.” ती म्हणाली, “टाकी किती भरलीय ते बघा आधी.”

तीन आठवडे खपलो. बँकेत छत्तीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब जुळवले, पण असं मन लावून कधी काम केल्याचं आठवत नाही. स्कॅगवे हे हजारभर वस्तीचं गाव. तिथून व्हाइट पास नावाच्या खिंडीपर्यंत छोटी रेल्वे जाते. वीस मैलांत जवळजवळ तीन हजार फूट चढते. आपल्या बोरघाटाचा चढ सदतीसास एक, म्हणजे सदतीस फुटांत एक फूट वर. तिथं कर्जतहून गाडीला मागून रेटायला जादा इंजिनं लावतात. हिचा चढ काही ठिकाणी सव्वीसास एक. 1898 साली काम सुरू झालं, कारण वर कॅनडात क्लोंडाइकला सोनं सापडलं होतं. त्याआधी लोक पायी जायचे, आणि वर्षभराची शिधासामग्री सोबत असल्याशिवाय कॅनडाचे पोलीस हद्दीत घेत नसत. माणशी सुमारे एक टन ओझं! त्या वाटेवर तीन हजारांच्या आसपास घोडी मेली म्हणतात. एका घळीचं नावच मेलेल्या घोड्यांची घळ. हे मी बायकोला मुद्दाम वाचून दाखवलं, कारण तेव्हा ती शेंगाचटणीचा तिसरा डबा आणि कडक भाकरीची चवड बॅगेत बसवत होती. तिच्यावर काहीही परिणाम झाला नाही.

तर वेळापत्रक. जहाज धक्क्याला लागणं सात, न्याहारी, धक्क्यावर चालत येणं, गाडी, खिंड, परत, गावात फेरफटका, साडेसातच्या आत जहाजावर, आठला जहाज सुटणार. तीन रंगांत. चाळीस रुपये देऊन लॅमिनेट केलं आणि सकाळी फिरून झाल्यावर कंबर तलावाजवळच्या टपरीवर नेलं. कशाला नेलं, हे बायकोनं तीन दिवसांत चार वेळा विचारलंय.

टपरीवर आमचे कंट्रोलरसाहेब असतात. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण अजून रस्त्यानं एसटी गेली की ते घड्याळ बघतात. त्यांनी माझा कागद घेतला, हात लांब धरला, आणि पहिलाच प्रश्न विचारला, “जहाजाला घंटी कोण देतंय?”

“घंटी नसते हो. वेळ झाली की सुटतं.”

“असं कसं सुटतंय? पॅसेंजर मोजल्याबिगर? वे-बिल जुळाय नको?”

मी समजावलं. जहाजावर चढता-उतरता प्रत्येकाचं कार्ड तपासतात, त्यामुळं कोण आलं नाही ते कळतं. तरी थांबत नाहीत. तुम्ही जहाजवाल्यांकडूनच सहल घेतली असेल आणि तिला उशीर झाला, तर थांबतात किंवा पुढची काही सोय करतात. स्वतः तिकीट काढून गेलात तर मात्र राम राम.

ते एकदम गप्प झाले. कप खाली ठेवला.

“म्हणजे गाडी एकच, डबा एकच. आत दोन म्हातारे शेजारी शेजारी बसलेले. गाडी लेट झाली तर एकासाठी जहाज थांबणार अन् दुसऱ्याला टाकून जाणार?”

“हो.”

“अन् तुम्ही त्यातले दुसरे?”

एव्हाना बाकावर सातआठ जण जमले होते. मी म्हटलं, तीच गाडी जहाजवाल्यांकडून घेतली तर महाग पडते. शिवाय माझ्या वेळापत्रकात तीन तासांची सवड आहे. हे ‘सवड’ मी जरा जोरात म्हटलं.

“कुठल्या घड्याळानं?” कंट्रोलरसाहेब.

इथं मी फसलो. अलास्काचं घड्याळ सिॲटलच्या एक तास मागं. जहाज आपलं घड्याळ कधी बदलतं, हे जहाजावर गेल्यावरच कळणार. मी तसं प्रामाणिकपणे सांगितलं. प्रामाणिकपणाची ही जागा नव्हे, हे मला छत्तीस वर्षं बँकेत राहूनही कळू नये!

“दोन घड्याळं असलेला स्टँड चालत नसतोय,” ते बाकावरच्यांना म्हणाले. माझ्याशी बोलणं त्यांनी बंद केलं होतं. “बरं, वर उतरून काय बघणार?”

“वर उतरू देत नाहीत. खिंडीत इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला लावतात. आपण आपल्या बाकाची पाठ उलटी करायची, आणि डावीकडच्यांनी उजवीकडं बसायचं. मग खाली यायचं.”

“जायचं, न उतरता माघारी यायचं. अन् बाकडं आपणच फिरवायचं.” त्यांनी डोळे मिटले. “उंची किती म्हणालात?”

“873 मीटर.”

“महाबळेश्वर?”

मला माहीत होतं. भूगोल पक्का असण्याचे तोटे असतात. “साडेतेराशेच्या आसपास.”

“अन् आपलं सोलापूर?”

“साडेचारशेच्या वर,” मी पुटपुटलो.

“म्हणजे निम्म्या उंचीवर तर आपण हितं चहा पितोय की!”

बाक हसला. आता यावर उत्तर आहे. ती गाडी समुद्राच्या काठावरून, शून्यातून चढते, सोलापूर काय एका दमात चढलेलं नाही. दऱ्या, धबधबे, बर्फ हे काही मीटरवर मोजत नाहीत. हे सगळं मला घरी आल्यावर, आंघोळ करताना सुचलं. त्या वेळी मी एवढंच म्हणालो की ती गाडी आपल्या बार्शी लाइट रेल्वेसारखी आहे. ही मात्र चूक नव्हती. कुर्डुवाडी-बार्शी 1897 ची, ही तिच्याच पाठची. तिच्या रुळांतलं अंतर अडीच फूट, हिच्या तीन. कंट्रोलरसाहेबांचा चेहरा क्षणभर उजळला. त्यांचे आजोबा बार्शी लाइटनं पंढरपूरला जायचे. चढावर खाली उतरून, लघवी करून, परत पळत गाडी धरायचे. दहा मिनिटं हेच चाललं. मला वाटलं, कागद वाचला.

मग त्यांनी विचारलं, “सीट नंबर?”

सीट नंबर नसतो, असं मी वाचलं होतं. वर जाताना डावीकडून देखावा चांगला, हेही वाचलं होतं. तेवढ्यात मार्कर आला.

“जोडगाडीची खात्री नाही, टायमाची खात्री नाही, सीटची खात्री नाही,” असं म्हणत त्यांनी कोपऱ्यातून कोपऱ्यात ‘रद्द’ लिहिलं. खाली सही. सहीखाली तारीख.

खरं सांगायचं तर हे मी दोन दिवसांत विसरलो असतो. पण त्याच रात्री मुलाचा फोन आला. त्याला हे सगळं रंगवून सांगितलं, आणि म्हटलं, तू सांग, कोण बरोबर? तो हसला. म्हणाला, “बाबा, ते काका बरोबर आहेत. मी जहाजाकडूनच घेतलीय ट्रिप. फेब्रुवारीतच बुक केली होती.”

फेब्रुवारीत. मला काम दिलं एप्रिलमध्ये.

“तुम्ही इतके रमला होतात, म्हणून मग बोललो नाही,” म्हणाला. मागून बायको म्हणाली, “मला माहीत होतं.” लहान मुलाला पोळ्या करताना कणकेचा गोळा देतात, तो चिमणी करतो आणि सगळे वा वा म्हणतात. माझी चिमणी तीन रंगांची होती आणि चाळीस रुपये मोजून लॅमिनेट केलेली होती. व्हिसाच्या वेळी मात्र कुणी चिमणी दिली नाही. 1886 च्या कुठल्याशा कायद्यापायी अमेरिकेतून अमेरिकेत जाणाऱ्या परदेशी जहाजाला मध्ये एक परदेशी बंदर शिवावं लागतं, म्हणून आमचं जहाज संध्याकाळी काही तास कॅनडात टेकणार. त्या काही तासांसाठी कॅनडाचा वेगळा व्हिसा, ते फॉर्म, ते बोटांचे ठसे. ते सगळं मी केलं. ते फेब्रुवारीत कुणी करून ठेवलं नव्हतं.

आज सकाळी टपरीवर गेलोच नाही. नऊच्या सुमाराला दारात कंट्रोलरसाहेब. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी जड. आत आले नाहीत. “साहेब, सीटचा विचार करत होतो. रुमाल टाकून भागायचं नाही, रुमाल गोरे लोक उचलून परत देतील तुम्हाला, पडला म्हणून. ही टाका. डावीकडं.”

नवी कोरी सोलापुरी चादर. डबलची.

बॅगेचं वजन आता मर्यादेच्या दीड किलो वर जातंय. चटणीचा एक डबा काढ म्हणालो, तर बायको म्हणते चादर काढा. चादर निघणार नाही.