वाड्याचे तळघर, मालव्याची रात्र आणि वाइनच्या अकरा पेट्या

इंदूरच्या मराठी घरांमध्ये गेले वर्षभर एक मजकूर या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरतो आहे. ज्यांची मुले-भाचरे इंग्लंड-युरोपात स्थायिक आहेत आणि ज्यांच्याकडे त्यामुळे चांगल्या वाइनचा थोडाफार संग्रह झाला आहे, अशा कुटुंबांसाठी तो लिहिलेला दिसतो. वाइन ठेवण्यासाठी व्यावसायिक कोठाराचे भाडे भरणे ही पैशांची नासाडी आहे, असे त्याचे मुख्य म्हणणे. त्याच्या पुष्टीसाठी पाच गोष्टी सांगितल्या आहेत : मालव्याच्या रात्री थंड असतात आणि जुन्या वाड्यांना तळघरे आहेत; तळघर नसेल तर फ्रिज किंवा एसी पुरतो; वाइन जितकी जुनी तितकी चांगली, तेव्हा ती नुसती पडून राहू द्यावी; वाइन व्यापाऱ्याकडेच राहिली असेल तर पावती हातात असली म्हणजे माल आपला; आणि सगळ्यात उत्तम म्हणजे ती इंदूरला आणून ओळखीच्या कोणाच्या गोदामात ठेवावी.

माझे मेहुणे इंग्लंडमध्ये नोकरी करून नुकतेच निवृत्त झाले. त्यांच्या अकरा पेट्या, म्हणजे एकशे बत्तीस बाटल्या, तिथल्या कोठारात आहेत. हा मजकूर वाचून ताईने मला विचारले, की आपल्या रामबागेतल्या वाड्याच्या तळघरात त्या का आणू नयेत? तिला जे उत्तर दिले, तेच इथे सविस्तर लिहितो आहे, कारण या मजकुरावर विसंबून कोणी खरोखरच पेट्या हलवल्या तर नुकसान भरून येण्यासारखे नाही.

तळघराचा मुद्दा सर्वांत मोहात पाडणारा आहे, कारण तो अर्धा खरा आहे. शब-ए-मालवा, म्हणजे मालव्याची थंड रात्र, ही काही कविकल्पना नाही. उन्हाळ्यात दिवसभर होरपळल्यावर रात्री गच्चीवर येणारा वारा आपण सगळ्यांनी अनुभवला आहे. परंतु तळघराचे तापमान रात्रीच्या वाऱ्यावर ठरत नाही. जमिनीत काही मीटर खाली गेले की दिवस-रात्रीचा आणि ऋतूंचा फरक मंदावत जातो, आणि माती त्या ठिकाणच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाजवळ स्थिर होते. फ्रान्समधल्या रँस शहराखाली खडूच्या खडकात कोरलेल्या शॅम्पेनच्या तळघरांत बारा महिने १० ते १२ अंश सेल्सिअस असते, ते तिथल्या कारागिरीमुळे नव्हे; त्या गावाची वार्षिक सरासरीच तेवढी आहे. इंदूरची सरासरी २५ अंशांच्या आसपास आहे. म्हणजे आपण कितीही खोल खणले तरी हाती येणार ते २५, आणि वाइन दीर्घकाळ ठेवायला लागतात १२ ते १४. शिवाय वाड्यांची तळघरे जेमतेम एक पुरुष खोल असतात, त्यामुळे ती ऋतूबरोबर बरीच हलतात. आमच्या तळघरात मी वर्षभर कमाल-किमान दाखवणारा तापमापक टांगून ठेवला होता. जानेवारीत त्याने १९ अंश दाखवले, मे महिन्याच्या अखेरीस ३०. उन्हाळ्यात खाली उतरल्यावर गार वाटते ते बाहेर ४२ असतात म्हणून; तो गारवा आपल्या अंगाला कळतो, बाटलीला नाही.

आणि हे नुसते आकड्यांवर सोडायला नको. २०१८ च्या डिसेंबरमध्ये मेहुण्यांनी २०१० सालच्या बारोलोची, म्हणजे इटलीतल्या एका तांबड्या वाइनची, एक बाटली मला आणून दिली होती. ती मी मोठ्या विश्वासाने तळघरातल्या कोनाड्यात आडवी ठेवली. पाच वर्षांनी त्याच पेटीतली दुसरी बाटली ते कोठारातून घेऊन आले, आणि आम्ही दोन्ही एकाच संध्याकाळी उघडल्या. आमच्या बाटलीचे बूच काचेच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर वर सरकले होते, त्यावरच्या टोपणाखाली वाळलेल्या पाकासारखा चिकट तांबडा ओघळ होता, आणि बाटलीतली पातळी खांद्यापर्यंत उतरली होती. पावसाळ्याच्या ओलीने लेबलाला बुरशी धरली होती ती वेगळीच. उन्हाळ्यात द्रव फुगून बुचाला रेटतो, थंडीत आकसून हवा आत ओढतो, आणि हे दर वर्षी चालू राहते. पेल्यात ओतल्यावर कोठारातल्या वाइनला बारोलोचा तो ओळखीचा सुकल्या गुलाबाचा वास होता. आमच्या वाइनला शिळ्या मुरंब्याचा वास येत होता आणि तिचा रंग कात भिजवलेल्या पाण्यासारखा झाला होता. मेहुणे काही बोलले नाहीत. मला मात्र वाईट वाटले, आणि अजून वाटते.

फ्रिजबद्दल फार लिहावे लागणार नाही. घरातला फ्रिज ४ अंशांच्या आसपास चालतो आणि बर्फ साचू न देणारे फ्रिज आतली हवा सतत कोरडी करत राहतात. काही आठवडे, फार तर काही महिने, याने बिघडत नाही, पण वर्षानुवर्षे ठेवल्यास बूच सुकून आकसते. एसीचे म्हणाल तर आपल्या घरांतल्या यंत्रांचा आकडा १६ च्या खाली जात नाही, ते यंत्र चोवीस तास बारा महिने चालवायचे झाल्यास विजेचे बिल कोठाराच्या भाड्याला लाजवील, आणि मे महिन्यात दुपारी वीज गेली की खोलीचे तापमान तासाभरात चढू लागते. वीस-पंचवीस बाटल्याच असतील तर वाइनसाठीच बनवलेले छोटे शीतकपाट घ्यावे, ही सोय खरोखर चांगली आहे. मजकुरात तिचा उल्लेखही नाही.

तिसरा मुद्दा, जुनी तितकी चांगली, हा अगदीच चुकीचा आहे, आणि गंमत अशी की तो दुरुस्त केल्यास कोठाराची गरजही कमी होते. जगात बनणारी बहुतेक वाइन पहिल्या काही वर्षांत पिण्यासाठीच केलेली असते. नाशिक किंवा अकलूजची रोजच्या जेवणाबरोबरची वाइन दहा वर्षे जपून ठेवण्यात काही अर्थ नाही. ती वेळेत प्यावी, पाहुण्यांना पाजावी. मुरणाऱ्या वाइन मोजक्या : उत्तम बोर्दो, बारोलो, जर्मन रिझलिंग, पोर्ट, सोटर्न. त्यांनाही काळाबरोबर परिस्थिती लागते. २०१० मध्ये बाल्टिक समुद्रात ओलांड बेटांजवळ बुडालेल्या जहाजात सुमारे १७० वर्षांपूर्वीच्या शॅम्पेनच्या १६८ बाटल्या सापडल्या, आणि त्यांतल्या काही अजून पिण्याजोग्या होत्या. पन्नास मीटर खोल, काळोखात, जवळजवळ गोठणाऱ्या पाण्यात त्या पडून होत्या. नुसत्या वयाने हे झाले नाही.

म्हणून ताईला मी आधी म्हटले, की अकरा पेट्यांतल्या सात पेट्या कोठारात ठेवण्यासारख्याच नाहीत. त्या काढून घ्या आणि संपवा. उरलेल्या चार पेट्यांसाठी भाडे भरा.

ते भाडे कशाचे असते, हे मजकूर लिहिणाऱ्याला माहीत नसावे. इंग्लंडमधले कॉर्शमचे कोठार बाथ शहराच्या परिसरातल्या दगडाच्या जुन्या खाणीत, जमिनीखाली सुमारे ३० मीटरवर आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्कराचा दारूगोळा ठेवला जाई. तापमान तिथे वर्षभर १३ अंशांच्या जवळपास असते, प्रकाश नाही, आर्द्रता राखलेली. पण खोलीइतकेच मोल कागदांचे आहे. आलेली प्रत्येक पेटी तपासून तिची स्थिती नोंदवली जाते, तिला क्रमांक पडतो, आजच्या बाजारभावाने तिचा विमा उतरतो, आणि ती बॉन्डमध्ये, म्हणजे कर न भरता माल ठेवायच्या सरकारमान्य कोठारात, असेतोवर उत्पादन शुल्क व २० टक्के व्हॅट भरावा लागत नाही. बाहेर काढताना तो भरायचा. पुढे विकायची वेळ आली तर ही बाटली विकत घेतल्या दिवसापासून कुठे होती, हे दाखवणारा अखंड कागद असतो. बनावट जुन्या वाइन विकल्याबद्दल अमेरिकेत रुडी कुर्निआवान याला २०१४ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. तेव्हापासून जाणकार ग्राहक हा कागद आधी मागतो. कोठार निवडताना म्हणूनच खोलीचे फोटो पाहण्यापेक्षा हे विचारावे : तापमानाची नोंद मागितल्यास मिळते का, विमा खरेदीच्या किमतीचा की बदलीच्या, म्हणजे तशीच पेटी आज पुन्हा घ्यायला लागेल त्या, किमतीचा, आणि पेटी काढायला किती दिवस व किती पैसे लागतात.

पावतीचा मुद्दा मात्र मला सर्वांत धोक्याचा वाटतो. लंडन वाइन कंपनी बुडाल्यावर तिच्या ग्राहकांनी नेमके हेच म्हटले होते. त्यांनी पूर्ण पैसे भरले होते, मालकीची प्रमाणपत्रे त्यांच्या हाती होती, साठवणुकीचे शुल्कही ते देत होते. १९७५ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने निकाल दिला, की कंपनीच्या एकत्र साठ्यातून या ग्राहकाच्या अमुक पेट्या अशा कधी वेगळ्या काढल्याच गेल्या नव्हत्या, म्हणून मालकी त्यांच्याकडे गेलीच नव्हती. १९९४ च्या स्टेपिल्टन फ्लेचर प्रकरणात उलट निकाल लागला, कारण तिथे ग्राहकांची वाइन विक्रीच्या मालापासून वेगळ्या जागी हलवून तिची नोंद ठेवली होती. १९९५ मध्ये इंग्लंडने कायदा सुधारून एकत्र साठ्यातल्या खरेदीदारांना सहमालकी दिली, तरी तो साठा मुळात कोणता हे निश्चित असावे लागतेच. आपल्याकडचा १९३० चा मालविक्री कायदाही कलम १८ मध्ये तेच सांगतो : माल निश्चित झाल्याखेरीज मालकी हस्तांतरित होत नाही. तेव्हा खाते व्यापाऱ्याच्या नावाखाली नको, थेट कोठारात आपल्या नावाने हवे, आणि प्रत्येक पेटीचा क्रमांक लेखी हवा. मेहुण्यांच्या अकरांपैकी तीन पेट्या अजून व्यापाऱ्याच्याच खात्यावर होत्या, हे आम्ही यादी मागवली तेव्हा कळले. त्या आता त्यांच्या नावावर झाल्या आहेत.

राहिला ओळखीच्या गोदामाचा सल्ला. मद्य हा आपल्या राज्यघटनेत राज्यांचा विषय आहे, आणि मध्य प्रदेशात १९१५ चा आबकारी अधिनियम लागू आहे. परवान्याशिवाय ५० लिटरांहून जास्त मद्य बाळगल्यास कलम ३४ प्रमाणे किमान एक वर्षाचा कारावास आहे. एकशे बत्तीस बाटल्या म्हणजे ९९ लिटर. ज्याच्या गोदामात त्या ठेवायच्या, तो बिचारा मित्र म्हणून हो म्हणेल आणि आरोपी म्हणून उभा राहील. त्याआधी बाटलीबंद वाइनवर मूळ सीमाशुल्क आणि उपकर मिळून साधारण १५० टक्के आहेतच, आणि मुंबईहून इंदूरपर्यंतच्या वाहतुकीचे परवाने वेगळे.

परदेशातून येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला दोन लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येते. मेहुणे आता दर खेपेस दोन बाटल्या आणणार आहेत. या दिवाळीच्या दोन ताईने आधीच निवडून ठेवल्या आहेत. आल्या की आठवडाभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात राहतील आणि भाऊबीजेला उघडतील.