मोहरी ठळक अक्षरांत

काल फोनवर आभाराचा एक ई-मेल आला आणि तेव्हापासून मी घरात फोन पालथा ठेवतोय. चाळीस वर्षांत बायकोपासून लपवावं असं काही हातून घडलं नव्हतं. आता घडलं ते लोणच्यापायी.

आम्ही इंग्लंडात, सॉमरसेटमधल्या एका छोट्या बाजारगावात राहतो. बायको लिंबाचं लोणचं घालते आणि गावातल्या डेलीत ते विकायला असतं. डेली म्हणजे चीज, ऑलिव्ह, मुरवलेलं मांस, महागडे पाव आणि आसपासच्या लोकांनी घरी केलेल्या चटण्या-जॅम यांचं दुकान. शब्द मूळचा जर्मन, डेलिकटेसनचा. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "डेली म्हणजे रोज उघडं असतं का?" म्हटलं, नाही, सोमवारी बंद. "मग डेली कसलं?" यावर माझ्याकडे आजतागायत उत्तर नाही.

तर या दुकानाचं नाव यंदा 'सर्वोत्तम डेली'च्या स्पर्धेच्या अंतिम यादीत आलं. निम्मे गुण लोकांच्या मतांचे, निम्मे परीक्षकाचे. परीक्षक न सांगता, साध्या गिऱ्हाइकासारखा येणार. मालकीणबाईंनी माल पुरवणाऱ्या आम्हा सगळ्यांना शनिवार वाटून दिले: आपापलं टेबल मांडा, लोकांना चव द्या, दुकान भरलेलं दिसू द्या. आमच्या शनिवारी बायकोची ड्यूटी निघाली. मग टेबलामागे कोण? मी. लोणच्यातलं मला एवढंच कळतं की ते संपत आलं की बरणी तिरकी करायची.

मुळात लोणचं चाखायला देणं हाच प्रकार मला पटत नाही. लोणच्याला ताटात जागा ठरलेली आहे, डावीकडे, मिठा-चटणीच्या शेजारी. जन्मभर कोपऱ्यात बसलेल्या माणसाला एकदम व्यासपीठावर आणून मधल्या खुर्चीत बसवलं की तो जसा अवघडतो, तशा त्या फोडी पांढऱ्या बशीत अवघडून बसल्या होत्या. बाजूला बिस्किटं. बिस्किटांबरोबर लोणचं! पण मालकीणबाई म्हणाल्या, भात इथे कोण खाणार.

लेबलाचंही सांगून ठेवतो, कारण त्याचा पुढे संबंध येतो. या देशात चौदा पदार्थ असे आहेत की ते मालात असले तर घटकांच्या यादीत उठून दिसतील असे छापावे लागतात. म्हणजे ज्याला त्यांचं वावडं आहे त्याने वेळीच बरणी खाली ठेवावी. शेंगदाणे, दूध, अंडी हे समजू शकतो. पण त्या चौदांत मोहरी आहे. आणि बाजारच्या हिंगात गव्हाचं पीठ असतं, म्हणून गहूही. त्यामुळे आमच्या बरणीवर लिंबू बारीक आणि मोहरी ठळक. आईला फोटो पाठवला तर तिचा लगेच फोन. "लोणच्यात गहू घालता तुम्ही?" अगं, हिंगातला. "मग हिंग असं लिहा ना!" तिची बाजू मला पटते, पण कायदा तिच्या बाजूने नाही. कायद्याशी आमचं भांडणही नाही म्हणा. धंदा सुरू करायच्या २८ दिवस आधी कौन्सिलकडे नोंदणी करायची, ती फुकट. मग एक बाई येऊन स्वयंपाकघर बघून जातात आणि शून्य ते पाचांत गुण देतात. आम्हाला पाच मिळाले. फक्त खिडकीतल्या बरण्या पाहून त्यांनी विचारलं होतं, "या इथे का ठेवल्या आहेत?" उन्हासाठी, म्हटलं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मीही पाहिलं. बाहेर पाऊस पडत होता. दोघांनीही विषय वाढवला नाही.

असो. साडेअकराच्या सुमारास ते आले.

सत्तरीच्या पुढचे, उंच, कोपरांवर चामड्याचे तुकडे लावलेला कोट. टेबलापाशी थांबले, बशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मी लाकडी काड्यांचा पेला पुढे करतोय तोवर कोटाच्या वरच्या खिशातून त्यांनी स्वतःचा चमचा काढला. चांदीचा असावा. रुमालाने पुसला. उजेडाकडे धरून पाहिला. पुन्हा पुसला.

माझ्या मनात घंटा वाजली: परीक्षक! स्वतःचा चमचा घेऊन बाजारात आणखी कोण फिरतं?

"हे काय आहे?"

"लिंबाचं लोणचं."

"मार्मलेड." मार्मलेड म्हणजे संत्र्या-लिंबाचा, सालीच्या तुकड्यांसकट केलेला गोड जॅम.

"नाही, तसं नाही. म्हणजे साल असते, पण..."

"साल असते ना? मग मार्मलेड." आणि मग त्यांनी मला मार्मलेडवर व्याख्यान दिलं. कंब्रियात डेलमेन नावाचा वाडा आहे, तिथे २००५ पासून मार्मलेडची स्पर्धा भरते, जगभरातून बरण्या येतात. हे खरं आहे, मला आधीही माहीत होतं. तिथे आपण एकदा बरणी पाठवली होती, असं ते म्हणाले. निकाल काय लागला ते म्हणाले नाहीत. "सालीचा प्रत्येक तुकडा एकसारखा हवा," असं म्हणत त्यांनी आमच्या फोडी चमच्याने बशीच्या कडेला लावायला सुरुवात केली, लहानापासून मोठ्यापर्यंत, शाळेत कवायतीला उभं करतात तशा. "ही बघा. आणि ही बघा. हे एकाच माणसाने कापलंय?"

एकाच माणसाने, पण दोन दिवसांत, हे मी बोललो नाही. सालीचं दुःख मला माहीत आहे. आपलं कागदी लिंबू इथे सहजी मिळत नाही. मिळतं ते जाड सालीचं पिवळंधमक लिंबू, त्यावर टिकावं म्हणून मेणाचा हात फिरवलेला. ते मेण काढायला बायको एकेक लिंबू कोमट पाण्यात ब्रशने घासते, लहान मुलाची मान घासावी तसं. हे सगळं एका बिस्किटाच्या वेळात कुणाला कसं सांगायचं?

त्यांनी पहिली फोड तोंडात घातली. डोळे मिटले. मला वाटलं, झालं, आता ॲम्ब्युलन्स. पण उजव्या डोळ्यातून एकच थेंब शिस्तीत खाली आला, आणि ते म्हणाले, "इंटरेस्टिंग."

इंग्रजांच्या 'इंटरेस्टिंग'चा अर्थ कळायला मला या देशात सहा वर्षं लागली. आपल्याकडे सासूबाई सुनेची पुरणपोळी खाऊन "वेगळी झालीय हं" म्हणतात ना, तेच ते. त्यावर अपील नाही.

"हे कशाबरोबर खातात?"

"वरणभाताबरोबर."

"म्हणजे?"

आता वरणभात समजावून सांगणं ही गोष्ट वाटते तेवढी सोपी नाही. करून पाहा. डाळ शिजवतात, घोटतात, भातावर घालतात, वर तूप. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे भातावर सूप ओतायचं, त्यावर लोणी, आणि त्यावर मार्मलेड."

मी म्हटलं, "हो."

काय करणार? परीक्षक होते ना! मी आतून स्टूल आणलं. पाणी आणलं. मालकीणबाईंकडून चेडर चीजचा तुकडा मागून आणला, कारण 'याला आधार हवा' असं त्यांचं मत पडलं. चेडरवर फोड, मग नुसती फोड, मग नुसता खार. मधल्या वेळात दोघीतिघी जणींनी आमची बरणी हातात घेतली, लेबल उलटून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी "एक मिनिट हं" म्हणालो. त्यांनी बरणी ठेवली. मोहरीमुळे ठेवली असेल, असं मी मनाला समजावलं. चमचा त्यांच्या खिशातला होता, पण चमचेगिरी माझी चालली होती.

चीजवरही त्यांचं बोलून झालं. स्टिल्टन नावाचं चीज फक्त डर्बीशायर, लेस्टरशायर आणि नॉटिंगहॅमशायर या तीनच परगण्यांत करता येतं, आणि ज्या स्टिल्टन गावावरून त्याचं नाव पडलं ते गाव या तिन्हींत नाही. म्हणजे स्टिल्टनमध्ये स्टिल्टन करणं बेकायदा. एरवी मी यावर खूप हसलो असतो. पण तोवर अर्धी बरणी संपली होती, आणि बशीच्या कडेला चोखून ठेवलेल्या साली मी मोजत होतो. अकरा.

शेवटी चमचा पुसून खिशात गेला. "आता मला मत द्यायचंय," ते म्हणाले. माझ्या छातीत धडधडलं. परीक्षक लोकांचंही मत देतो? देत असेल. त्यांच्याकडे फोन होता तो बटणांचा. "तुमच्यावरून करू या." मी काउंटरवरचा चौकोनी कोड स्कॅन केला. ई-मेल विचारला, त्यांना तो नव्हता, मी माझा घातला. नाव विचारलं, "तुमचंच राहू द्या, मला नको ती भानगड," म्हणाले. दुकानांची यादी उघडली. आमच्या डेलीवर बोट टेकवणार तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

"नाही, नाही. ते खालचं."

खालचं म्हणजे शेजारच्या गावातलं.

"पण तुम्ही तर इथे..."

"इथे मी येतो. तिथे पार्किंग फुकट आहे."

"तुमची गाडी कुठे लावलीय?"

"गाडी नाही माझ्याकडे. तत्त्वाचा प्रश्न आहे."

तुम्ही म्हणाल, बटण चुकीचं दाबायचं. कुणाला कळणार होतं? मीही तेच म्हणतोय, शनिवारपासून. पण त्या क्षणी मला वाटलं, हीच खरी परीक्षा आहे, तो बघतोय मी प्रामाणिक आहे का. मी खालचं नाव निवडलं. पुढे चौकट आली: हे दुकान तुम्हाला का आवडतं? त्यांनी स्वल्पविरामांसकट सांगितलं आणि मी अक्षरन् अक्षर टाइप केलं: 'मालाची उत्तम निवड, सभ्य माणसं, आणि दारात कुणी मागे लागून लोणचं भरवत नाही.'

ते गेल्यावर मी मालकीणबाईंना दबक्या आवाजात विचारलं, "हेच का ते?"

"कोण? ते होय! ते दर शनिवारी येतात. जेवणाच्या सुमाराला."

"काही घेतात?"

त्यांनी आठवून पाहिलं. "एकदा पिशवी मागितली होती."

मग मी माझं स्वतःचं मत द्यायला गेलो. 'या फोनवरून मत नोंदवलेलं आहे.'

आता खरं सांगू? त्या म्हाताऱ्यावर माझा राग नाही. म्हणजे आहे, पण त्याहून जास्त राग या मतांच्या खेळावर आहे. छोट्या दुकानांना, घरगुती माल करणाऱ्यांना हात द्यायला म्हणून ही बक्षिसं निघाली, आणि झालं काय, तर ज्याच्या फोनमध्ये नंबर जास्त त्याचं चीज चांगलं. १९९४ पासून चालू असलेला ग्रेट टेस्टसारखा एखादा पुरस्कार बरा. तिथे वेष्टण काढून, नाव झाकून चाखतात. वर्षाला दहा हजारांच्या वर पदार्थ येतात आणि तीन तारे, म्हणजे सगळ्यात वरचा मान, शंभरातल्या जेमतेम दोघांना. निदान जिभेचा तरी संबंध आहे. पण तिथेही पाठवायचं तर शुल्क भरा. आमची बरणी साडेचार पौंडांना विकली जाते. आमच्या हातात पडतात तीन. त्यातून काच, झाकण, लेबल आणि ती मेणवाली लिंबं वजा करा. बायकोच्या तासांचा हिशेब आम्ही मांडतच नाही. मांडला तर लोणचं बंद करावं लागेल. आणि गिऱ्हाईक? पूर्वी बरणी उलटून तारीख बघायचं, आता तारे बघतं. आमच्या बरणीवर त्याला ठळक दिसते ती मोहरी.

तर कालचा ई-मेल. मत दिल्याबद्दल धन्यवाद. आपली प्रतिक्रिया निवडक प्रतिक्रियांमध्ये आपल्या नावासह छापण्यासाठी घेतली आहे. त्याखाली ते लोणच्याचं वाक्य, स्वल्पविरामांसकट, आणि त्याखाली माझं नाव, आडनावासकट. सॉमरसेटच्या या टोकाला त्या आडनावाची दोनच माणसं आहेत. दुसरी लोणचं करते.

आज सकाळी दूध आणायला म्हणून निघालो आणि गाडी सहज शेजारच्या गावाकडे वळवली. पार्किंग खरंच फुकट आहे. झाडाखाली, सावलीत. काचेतून आत डोकावलो, तर चटण्या-लोणच्यांच्या फळीवर साधारण सहा बरण्यांची जागा रिकामी दिसली.