म्हापशाहून मागवलेले टायर आणि ‘चार पैसे’: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

गोव्यातल्या म्हापशाच्या एका व्यापाऱ्याकडून मोटारीचे चार टायर ऑनलाइन मागवून ते सिंधुदुर्गातल्या कुडाळला बसवून घेतल्याचा अनुभव मी गेल्या आठवड्यात लिहिला. त्यावर आपण दिलेली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी तिचा आशय आधी सांगतो. आपले म्हणणे असे, की फिटिंग, चाकाचा तोल साधणारे बॅलन्सिंग, हवा भरायचे व्हॉल्व्ह हे सारे धरले तर माझे हजार रुपयेही वाचलेले नाहीत. टायरात दोष निघाला तर मला गोव्याच्या सीमेवरची पत्रादेवी ओलांडून हेलपाटे घालावे लागतील. आणि रात्री-अपरात्री टायर पंक्चर झाला तर म्हापशाचा व्यापारी धावून येणार नाही, गावातलाच माणूस येईल. यानंतरचे आपले वाक्य मी जसेच्या तसे देतो: ‘सीमेपलीकडून स्वस्त माल आणणे म्हणजे कर चुकवणे आणि चार पैशांसाठी गावातल्या दुकानदाराच्या पोटावर पाय देणे, एवढे साधे तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाला कळू नये याचे आश्चर्य वाटते.’

आपले जे बरोबर आहे ते प्रथम मान्य करतो. माझ्या हिशेबात बॅलन्सिंगचे ४०० रुपये आणि चार नव्या व्हॉल्व्हचे २४० रुपये धरायचे राहिले होते. ती माझी चूक आहे. कुडाळ परिसरात मला एका टायराचा भाव ६,१०० रुपये सांगण्यात आला होता आणि म्हापशाहून तोच टायर ५,२५० रुपयांना मिळाला, म्हणजे चार टायरांमागे ३,४०० रुपयांचा फरक पडला. त्यातून ट्रान्सपोर्टचे ४८० आणि फिटिंगचे ४०० मी लेखातच वजा केले होते. आता हे ६४० वजा केल्यावर १,८८० रुपये उरतात. आपण म्हणता तसे ते हजाराच्या आत जात नाहीत.

मतभेदाचे मला कधीच वावडे नव्हते. मी ३२ वर्षे शाळेत गणित शिकवले आणि फळ्यावरची माझी चूक दाखवणाऱ्या मुलाला वर्गासमोर शाबासकी दिली. त्या मुलांपैकी कोणीही ‘तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाला’ अशी सुरुवात केली नव्हती. हिशेबातली चूक दाखवायला एक वाक्य पुरते. त्यानंतर माणसाच्या शिक्षणाचा आणि हेतूचा उद्धार करण्याची गरज का भासावी, हे मला समजलेले नाही. शिवाय आपण टोपणनावाने लिहिता, आणि मी माझ्या नावाने, माझ्या गावात राहून लिहितो. उद्या बाजारात मला कोणी ‘कर चुकवणारे मास्तर’ म्हटले तर ते मला ऐकावे लागेल, आपल्याला नाही. म्हणून या एका वाक्याला मी सविस्तर उत्तर देणार आहे.

प्रथम कराविषयी. हा आरोप आपण ज्या सहजतेने केला आहे, ती पाहता टायरावर कर कसा लागतो याची चौकशी आपण केलेली दिसत नाही. ३० जून २०१७ पर्यंत प्रत्येक राज्याचा मूल्यवर्धित कर वेगळा होता आणि त्या काळात गोव्यातून आणलेल्या मालाविषयी आपली शंका रास्त ठरली असती. १ जुलै २०१७ पासून वस्तू आणि सेवा कर लागू झाला आणि नव्या टायरावर कुडाळात, म्हापशात, बेळगावात सगळीकडे सारखाच २८ टक्के कर बसू लागला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. मी टायर मागवले ते त्यानंतर, ऑक्टोबरात. माझ्या बिलावर दुसऱ्या राज्यातून येणाऱ्या मालावरचा एकात्मिक कर, म्हणजे आयजीएसटी, १८ टक्क्यांनी लावलेला आहे. २१,००० रुपयांच्या बिलात तो सुमारे ३,२०० रुपये होतो.

आता यातली जी गोष्ट आपल्या ध्यानात आलेली नाही ती सांगतो. हा कर वस्तू जिथे वापरली जाते त्या राज्याच्या वाट्याला जातो. मी म्हापशाच्या दुकानात उभा राहून तेच टायर गाडीत टाकून आणले असते, तर राज्याच्या वाट्याचे ९ टक्के बहुधा गोव्याला मिळाले असते. मी ते माझ्या कुडाळच्या पत्त्यावर मागवले, त्यामुळे केंद्राचा निम्मा भाग सोडून उरलेले सुमारे १,६०० रुपये महाराष्ट्राच्या वाट्याचे आहेत. म्हणजे ज्या ऑनलाइन मागणीला आपण करचुकवेगिरी म्हणता, तिच्यामुळेच आपल्या राज्याचा वाटा आपल्या राज्याकडे आला. पन्नास हजारांच्या आतल्या मालाला ई-वे बिलही, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन दाखलाही, लागत नाही, तरी व्यापाऱ्याने पक्के बिल आणि ट्रान्सपोर्टची पावती दोन्ही पाठवली. ती माझ्याकडे आहेत.

खरोखर करामुळे स्वस्त पडणारी वस्तू पेट्रोल आहे, कारण ते अजूनही वस्तू आणि सेवा कराच्या बाहेर आहे. २०१२ साली गोवा सरकारने पेट्रोलवरचा कर मोठ्या प्रमाणात उतरवला तेव्हापासून बांदा, सावंतवाडी, दोडामार्गची माणसे पलीकडे गेली की टाकी भरूनच परत येतात, आणि तो कर मात्र खरोखरच महाराष्ट्राचा बुडतो. आपण पलीकडे गेल्यावर रिकाम्या टाकीने परत येता का, हे मी विचारणार नव्हतो, पण आपण मला विचारायला भाग पाडले आहे. दारूचेही तसेच आहे. तिचा कर राज्याचा स्वतंत्र आहे, म्हणून सीमेजवळच्या इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासल्या जातात. टायर आणि दारू यांना एकाच पंक्तीला बसवून आपण मला जे म्हटले आहे ते मी विसरू शकत नाही.

मग टायर स्वस्त का पडला, असा प्रश्न रास्त आहे आणि तो आपण विचारला असता तर मला आनंद झाला असता. १८५/६५ आर १५ हे माप पुष्कळ गाड्यांना चालते आणि गोव्यात भाड्याच्या गाड्यांची व टॅक्सींची संख्या मोठी असल्यामुळे तिथे ते सतत खपते. ज्याचा माल जास्त खपतो त्याला कंपनीकडून सवलत जास्त मिळते आणि त्यातली थोडी तो गिऱ्हाइकाला देऊ शकतो. आपल्याकडच्या लहान दुकानात तोच टायर मधल्या आणखी एका हातातून येतो आणि त्या हाताचा नफा त्यावर चढतो. यात कोणाची लबाडी नाही.

आता ‘पोटावर पाय’. माझ्या वडिलांचे कुडाळच्या बाजारात किराणा मालाचे दुकान होते. उधारीची वही मी आठवीत असल्यापासून लिहीत आलो. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की मालवणकडच्या कोणाकोणाची उधारी श्रावण संपेपर्यंत चालायची आणि वडील त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. पुढे मोठी दुकाने आली, गिऱ्हाईक पांगले आणि एके वर्षी आम्ही दुकानाच्या फळ्या लावल्या त्या परत काढल्या नाहीत. दुकानदाराच्या पोटावर पाय येणे म्हणजे काय, हे मला कोणाच्या प्रतिक्रियेतून शिकावे लागलेले नाही. मात्र त्याच दुकानात मी आणखी एक गोष्ट पाहिली होती. जुना तांदूळ आणि नवा तांदूळ यांची पोती वडील वेगळी ठेवत आणि गिऱ्हाइकाने न विचारताही कुठला कुठला ते सांगत. गिऱ्हाइकाने आपल्याशी प्रामाणिक राहावे अशी अपेक्षा करण्याचा हक्क त्यांना त्यातून मिळत होता.

जून २०१८ मध्ये मी जिल्ह्यातल्याच एका दुकानातून, आपण म्हणता तसे गावाला धरून राहून, दोन टायर घेतले. दुकानाचे नाव मी तेव्हा कोणाला सांगितले नाही आणि आजही सांगणार नाही. चौदा महिन्यांनी, ऑगस्टात, आईला गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयातून घरी आणत असताना बांद्याच्या पुढे महामार्गावर पुढचा डावा टायर फुटला. पाऊस कोसळत होता, मागच्या सीटवर आई आडवी झोपलेली होती आणि गाडी डाव्या बाजूला ओढत गेली ती कडेच्या मातीत थांबली. इजा कोणाला झाली नाही. स्टेपनी बसवायला आलेल्या पंक्चरवाल्याने टॉर्चच्या उजेडात टायराच्या कडेवरच्या बारीक भेगा दाखवल्या आणि चार आकडे वाचायला लावले. ते आकडे होते १४१५. पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे तो टायर २०१५ सालच्या चौदाव्या आठवड्यात बनलेला होता. मला नवा म्हणून विकला तेव्हाच तो तीन वर्षे जुना होता, आणि ती तीन वर्षे त्याने कुठल्या पत्र्याखाली, किती उन्हात काढली ते कोणाला ठाऊक. रबर नुसते ठेवून दिले तरी उष्णतेने आणि हवेतल्या ऑक्सिजनने कडक होत जाते आणि ओझोनने त्याला भेगा पडतात. सावलीत, थंड जागी नीट ठेवलेला टायर तीन वर्षांनीही चांगला असू शकतो, हे मला मान्य आहे. मी दुकानदाराकडे गेलो तेव्हा तो म्हणाला, ‘टायर म्हणजे काय मासे आहेत, नासायला?’

त्या दिवसापासून मी टायराचा भाव विचारण्याआधी तारीख विचारतो. गेल्या ऑक्टोबरातही मी आधी म्हापशाकडे वळलो नाही. कुडाळ आणि सावंतवाडीतल्या दोन दुकानांत गेलो, माप सांगितले, ८८ एच हवा असे सांगितले, म्हणजे एका टायराने ५६० किलो भार पेलावा आणि ताशी २१० किलोमीटरपर्यंतच्या वेगाला तो प्रमाणित असावा. दोन्हीकडे उत्तर एकच मिळाले: माल मागवावा लागेल, पैसे आधी द्यावे लागतील आणि तारीख येईल ती घ्यावी लागेल. म्हापशाच्या व्यापाऱ्याने पैसे घेण्याआधी चारही टायरांच्या कडेचे फोटो पाठवले. त्यांवर आयएसआयची खूण होती आणि चारही टायरांवर ३१२५ हा आकडा होता, म्हणजे ते जेमतेम अडीच महिन्यांपूर्वी बनलेले होते. हे माझ्या लेखात दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलेले आहे. आपण तो वाचला असता तर ‘चार पैसे’ हे शब्द आपल्या हातून लिहिले गेले नसते असे मला अजूनही वाटते.

आणि सीमा म्हणजे नेमकी कोणती सीमा? आपल्या भागातली तरुण मुले रोज सकाळी दुचाकीवर बसून पलीकडच्या कारखान्यांत कामाला जातात. आपले गंभीर आजारी माणूस बांबोळीला जाते. तिळारी धरणाचे पाणी दोन्ही राज्ये वाटून घेतात. शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजारात आपल्याकडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या जात आली आहेत. सिंधुदुर्गात मोटारीचा टायर बनत नाही. आपण ज्या दुकानदाराची बाजू घेता त्याचा टायरही चाकणहून, गुजरातेतल्या हालोलहून किंवा आणखी कुठून तरी, जिल्ह्याची नाहीतर राज्याची सीमा ओलांडूनच येतो. फोंडा तालुक्यातल्या उसगावला एमआरएफचा कारखाना आहे, तिथे बनलेला टायर आपल्या बाजारात आला तर आपण त्याला परका म्हणणार का? गावातल्या माणसाला मी वगळलेले नाही. टायर चढवणारा, बॅलन्सिंग करणारा, अलाइनमेंट करणारा, तिघेही कुडाळचेच आहेत आणि त्यांनी सांगितलेले पैसे मी घासाघीस न करता दिले. आपण मात्र ‘शेवटी त्यांच्याचकडे जावे लागले ना’ असे, जणू मी त्यांच्याकडे भीक मागायला गेलो अशा सुरात लिहिता.

उरलेल्या मुद्द्यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. वॉरंटी टायर बनवणाऱ्या कंपनीची असते, पक्के बिल जवळ असले की दाव्यासाठी कंपनीच्या कुठल्याही अधिकृत विक्रेत्याकडे जाता येते. रात्री टायर पंक्चर झाला तर कोण येईल, याचे उत्तर मी वर दिले आहे: तेव्हा टायर गावाकडच्या दुकानातला होता आणि आला तो इन्सुलीचा पंक्चरवाला, ज्याने मला याआधी काहीही विकलेले नव्हते. याहून अधिक वाद मला त्यावर घालायचा नाही.

बॅलन्सिंग आणि व्हॉल्व्हचे ६४० रुपये मी आज सकाळी लेखातल्या हिशेबात घातले आहेत आणि खाली दुरुस्तीची तारीख टाकली आहे. बिलाचा फोटोही माझे नाव-पत्ता झाकून जोडला आहे, त्यात कराची ओळ स्पष्ट वाचता येते. ती पाहिल्यावर करचुकवेगिरीचे आपले वाक्य आपण मागे घ्याल अशी अपेक्षा आहे. बाकीचा लेख आहे तसाच राहील.

आपला नम्र,
लेखक