फॉरवर्ड 'तोट्यात गेला' म्हणजे नेमकं काय झालं?

फॉरवर्ड म्हणजे पुढच्या तारखेला चलन कोणत्या भावाने घ्यायचं-द्यायचं, हे बँकेशी आजच ठरवणारा करार. परकीय चलनात व्यवहार करणाऱ्या धंद्यांमध्ये त्याविरुद्ध एक मजकूर हौसेने फिरवला जातो. त्याचा गोषवारा असा: 'फॉरवर्ड म्हणजे बँकेची तुंबडी भरणं. फॉरवर्ड करणाऱ्यांचे तोटे हिशेबात ढळढळीत दिसतात. प्रीमियमचा भुर्दंड वेगळाच. चलन आज वर, उद्या खाली. वर्षाअखेरीस सरासरी एकच. अगदीच भीती वाटत असेल तर झिरो-कॉस्ट स्ट्रक्चर घ्या, नाहीतर स्टॉप-लॉस लावून झोपा.' यातलं शेवटचं वाक्य सर्वांत महागात पडणारं आहे, पण क्रमाने जाऊ.

'फॉरवर्डमध्ये तोटा झाला'

हिशेब युरोत ठेवणारी एक कंपनी घ्या. तिला 6 महिन्यांनी 10,00,000 डॉलर येणार आहेत आणि माल तयार करायला 8,50,000 युरो लागतात. आज 1 युरोला 1.10 डॉलर हा भाव आहे. म्हणजे आजच्या भावाने हातात 9,09,091 युरो, नफा 59,091. पैसे येईपर्यंत भाव 1.18 झाला तर मिळतात 8,47,458 युरो. सव्वासात टक्क्यांच्या हालचालीत नफा तर गेलाच, वर अडीच हजार खिशातून.

आता समजा कंपनीने 1.1108 ने फॉरवर्ड केला. सुमारे 9,00,200 युरो ठरले, नफा 50,200. पुढे डॉलर तेजीत आला, भाव 1.05 झाला. मजकूर लिहिणारा म्हणेल, 'बघा, 52,000 युरोंवर पाणी सोडलं!' पण नफा ठरल्याप्रमाणे 50,200 आलाच ना? फॉरवर्डचा तोटा आणि येणे रकमेचा फायदा एकाच व्यवहाराच्या दोन बाजू. एकच बाजू मोजायची तर न पेटलेल्या गोदामाचा विमाही तोट्यातच गेला म्हणायचा.

हिशेबात तोटा ढळढळीत का दिसतो, याचं कारण बहुधा कागदोपत्री असतं. ऑर्डर अजून वहीत चढलेली नसते, फॉरवर्डचं मूल्य मात्र दर अहवालाला बाजारभावाने नफा-तोट्यात जातं. आयएफआरएस 9 या आंतरराष्ट्रीय लेखा मानकानुसार हेज अकाउंटिंग केलं, म्हणजे जोखीम आणि तिच्यावरचं संरक्षण (हेज) हिशेबात जोडून दाखवलं, तर फॉरवर्डच्या चढउताराचा परिणामकारक भाग ऑर्डरची विक्री नोंदेपर्यंत नफा-तोट्याबाहेर, 'इतर सर्वसमावेशक उत्पन्नात' थांबवता येतो. त्यासाठी कोणत्या जोखमीवर कोणतं साधन लावलं, याची नोंद हेज सुरू होतानाच हवी. मागच्या तारखेने ती करता येत नाही. तिमाही संपल्यावर जागं झालेल्यांचे 'तोटे' त्यामुळेच जास्त गाजतात.

'प्रीमियम हा बँकेचा नफा, किंवा बँकेचा अंदाज'

दोन्ही नाही. प्रीमियम, म्हणजे आजच्या आणि फॉरवर्डच्या भावातलं अंतर, हा दोन चलनांच्या व्याजातला फरक आहे. वरच्या उदाहरणात डॉलरचं व्याज वार्षिक 5 टक्के, युरोचं 3 टक्के धरलं आहे. बँक बाजूला ठेवा आणि स्वतः करून बघा. आज 9,75,610 डॉलर कर्ज घ्या. 6 महिन्यांनी व्याजासकट बरोबर 10,00,000 फेडायचे होतील. ते डॉलर 1.10 ने विकून आलेले 8,86,918 युरो 3 टक्क्यांनी ठेवा. मुदतीला होतात 9,00,222 युरो. फॉरवर्डमध्येही तेच. बँकेची कमाई त्यावर लावलेल्या मार्जिनमध्ये असते, म्हणून भाव विचारताना स्पॉट (आजचा भाव), फॉरवर्ड पॉइंट (व्याजफरकाचं अंतर) आणि मार्जिन तिन्ही वेगवेगळे मागा. एकच गोल आकडा दिला तर दुसऱ्या बँकेला फोन लावा.

खरी चूक कोटेशनमध्येच होते. 59,091 युरोंचा नफा हवा असेल तर किंमत स्पॉटवरून नाही, फॉरवर्डवरून काढायची: सुमारे 10,09,850 डॉलर. जोखीम बिल फाडल्यावर नव्हे, किंमत कळवल्याक्षणी सुरू होते.

'शेवटी सरासरी एकच पडते'

कुणाची सरासरी? पगार, कच्चा माल आणि कर्जाचे हप्ते वर्षाच्या सरासरीने भरता येत नाहीत. शिवाय चलन जुन्या भावाला परत येईलच असा कुठलाही नियम नाही. ज्यांची येणी दर महिन्याला, लहान आणि सारखी असतात त्यांच्यापुरता हा मुद्दा थोडा खरा आहे. पण त्यांनीही सरासरी टप्प्याटप्प्याने हेज करून साधावी. पक्क्या ऑर्डरींचा मोठा भाग, पुढच्या तिमाहीच्या अंदाजाचा निम्मा, त्यापुढचा आणखी कमी, आणि दर महिन्याला एक थर. आधी मात्र चलनवार, महिनावार येणं-देणं वजा करून निव्वळ रक्कम काढा. एकीकडे डॉलर विकायचे आणि त्याच आठवड्यात आयातीसाठी विकत घ्यायचे, हा दुहेरी मार्जिनचा धंदा बऱ्याच ठिकाणी चालतो.

निविदेला मात्र फॉरवर्ड लावू नका. काम मिळालं नाही तर विकायला डॉलर नाहीत आणि फॉरवर्ड गळ्यात. मग तो खराखुरा सट्टा होतो. तिथे प्रीमियम (इथे ऑप्शनची किंमत) भरून ऑप्शन घ्यावा, म्हणजे ठरलेल्या भावाने विकायचा हक्क मिळतो, सक्ती नसते.

'झिरो-कॉस्ट घ्या'

आधी पैसे मोजावे लागत नाहीत याचा अर्थ एवढाच, की एक ऑप्शन घेताना दुसरा तुम्ही विकला आहे. साधा कॉलर (एका बाजूला संरक्षण, बदल्यात दुसऱ्या बाजूच्या फायद्याला मर्यादा) असेल आणि दोन्ही बाजूंची रक्कम सारखी असेल तर हरकत नाही. 2008 मध्ये दक्षिण कोरियातल्या निर्यातदारांना बुडवणाऱ्या 'किको' करारांची घडण वेगळी होती. वॉन ठरलेल्या पातळीपेक्षा मजबूत झाला की संरक्षणच रद्द. उलट वॉन फार घसरला तर डॉलर जुन्या भावाने द्यायचे, आणि तेही बऱ्याच करारांत दुपटीने. वॉन घसरला, आणि निर्यातीतून येणाऱ्यापेक्षा जास्त डॉलर देणं लागणाऱ्या कंपन्या अडकल्या. टर्मशीटवर (कराराच्या अटींच्या कागदावर) एकच गोष्ट तपासा: सर्वांत वाईट भावाला द्यावी लागणारी रक्कम तुमच्या येण्यापेक्षा जास्त आहे का? असेल तर ते हेजिंग नाही.

'स्टॉप-लॉस लावून झोपा'

स्विस राष्ट्रीय बँकेने सप्टेंबर 2011 पासून 1 युरोला किमान 1.20 फ्रँक ही मर्यादा राखली होती. 15 जानेवारी 2015 ला ती अचानक सोडली आणि युरो काही मिनिटांत 1 फ्रँकच्याही खाली गेला. 1.19 ला लावलेले स्टॉप 1.19 ला पुरे झाले नाहीत. मधल्या भावाला घेणारंच कुणी नव्हतं. स्टॉप-लॉस हा ठरलेल्या पातळीनंतर मिळेल त्या भावाला विकण्याचा हुकूम आहे, भावाची हमी नाही.

बँकांनाही त्या दिवसाने धडा दिला. फ्रँकमध्ये पैसे उचलून फ्रँकमध्येच कर्ज दिलं की बँकेच्या वहीत चलनजोखीम शून्य दिसते. पण पोलंडमधल्या कर्जदाराचा पगार झ्लॉटीत होता. जोखीम गेली नव्हती, बुडीत कर्जाचं रूप घेऊन बसली होती. हंगेरीने आपल्या गृहकर्जदारांची परकीय चलनातली कर्जं नोव्हेंबर 2014 मध्ये ठरलेल्या भावाने फोरिंटमध्ये वळवायला घेतली होती, म्हणून तिथला फटका बराच टळला.

फॉरवर्डविरुद्ध एक सबळ मुद्दा आहे, तो त्या मजकुरात आलाच नाही: रोकड. घानाच्या अशांती गोल्डफील्ड्सने सोन्याचा भाव पडेल म्हणून मोठं हेजिंग केलं होतं. सप्टेंबर 1999 च्या अखेरीस युरोपीय मध्यवर्ती बँकांनी सोन्याची विक्री मर्यादित करायचं ठरवलं आणि औंसाचा भाव काही दिवसांत 260-270 डॉलरवरून 320 च्या वर गेला. बँकांनी मार्जिन मागितलं. हे मार्जिन म्हणजे बँकेची कमाई नव्हे, तर कागदावरच्या तोट्यापोटी द्यायची अनामत. सोनं खाणीत होतं, मार्जिन रोखीत हवं होतं. तेव्हा करारावर सही करण्याआधी मार्जिनचं कलम शोधा, भाव 10 टक्के उलटा गेला तर किती दिवसांत किती रोख भरावी लागेल ते काढा, आणि तेवढी कर्जमर्यादा आधीच मंजूर करून ठेवा.